दरडोई एक मासा

मंगळवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी दोन देशांनी एकमताने मान्य केलं की मासा म्हणजे मासा. ठराव झाला, टाळ्या झाल्या, साहेबांनी चष्मा पुसला. चार वाजून पंचवीस मिनिटांनी तोच ठराव दोन देशांनी तितक्याच एकमताने इतिवृत्तातून काढून टाकला, आणि मधली पंधरा मिनिटं चहापानाची होती असं लिहायला लावलं. लिहिणारा मीच. तेव्हा तुम्ही काही वाचलेलं नाही आणि मी काही सांगितलेलं नाही. आपण पहिल्यापासून सुरुवात करू.

मी संयुक्त मत्स्य मंडळात टंकलेखक आहे. नोकरी तात्पुरती आहे. चार वर्षं झाली, अजून तात्पुरतीच आहे. मंडळाचं काम तसं सोपं: सरोवर एक, देश दोन, मासे तेच. सीमारेषा सरोवराच्या मधोमध जाते. नकाशावर ती लाल आणि तुटक दिसते, पाण्यावर अजिबात दिसत नाही. मासे सकाळी आमच्या उथळ पाण्यात चरतात आणि ऊन चढलं की पलीकडच्या खोल पाण्यात विसाव्याला जातात. आम्ही म्हणतो मासे आमचे, कारण ते आमच्याकडे जेवतात. ते म्हणतात मासे त्यांचे, कारण ते त्यांच्याकडे राहतात. असाच वाद आमच्या घरी एका मावसभावावरून झाला होता. तो मिटला नाही, कारण मंडळ नेमायचं कोणाला सुचलं नाही.

मंडळाची कचेरी बरोबर सीमेवर आहे. सभेच्या खोलीत जमिनीवर पिवळी पट्टी रंगवली आहे. ती दारातून शिरते, टेबलाखालून जाते, समोरच्या भिंतीवर चढते आणि पंख्याच्या बटणापाशी संपते. टेबल दोन्ही देशांनी अर्धं अर्धं करून आणलं. मापं दोघांनीही घेतली होती, पण एकमेकांना कळवली नव्हती, त्यामुळे आमचं अर्धं टेबल दोन बोटं उंच आहे. आमच्याकडे ठेवलेली पेन्सिल हळूहळू पलीकडे जाते. याबद्दल निषेधाची तीन पत्रं मी स्वतः टंकली आहेत. तिसऱ्याला उत्तर आलं, ते आमच्याच पेन्सिलीने लिहिलेलं होतं.

आमच्या बाजूला साहेब बसतात. साहेबांना माशांविषयी सगळं माहीत आहे. अंडी किती, वाढ किती, कोणता मासा कोणत्या महिन्यात कुठे जातो. फक्त खराखुरा मासा जवळ आणला की त्यांना जमत नाही. लोकांच्या घशात काटा अडकतो, साहेबांच्या तो अंगावर येतो. पलीकडच्या बाजूला बसतात त्यांना आम्ही बाई म्हणतो. बाईंची अंगकाठी बारीक आणि आवाज जाड. पहिल्या दिवशी मी त्यांना अदबीने विचारलं होतं की पट्टीच्या पलीकडे पाऊल टाकलं तर हजेरी कोणाकडे लागते. बाईंनी माझ्याकडे न बघता साहेबांना विचारलं, "कुठून पैदा केलात हा नग?" साहेब म्हणाले, भरतीतून. तेव्हापासून बाईंच्या तोंडी माझं नाव नग. 'तो नग आला का', 'नगाला सांगा खिडकी लाव'. मला सवय झाली होती. सवय झाली होती हेच पुढे भोवलं.

माशांच्या वाटणीचा करार सहा वर्षं चालला होता. पहिली अठरा कलमं व्यापारी होड्यांची. कोणी किती टन धरायचे, कोणत्या महिन्यात थांबायचं, जाळ्याचं भोक केवढं असावं. भोक दोन बोटं असावं यावर लगेच एकमत झालं. बोटं कोणाची, यावर सात महिने गेले. अठरा कलमं संपली तेव्हा दोन्ही बाजू इतक्या दमल्या होत्या की एकोणिसाव्या कलमाला चार मिनिटं लागली. एकोणीस (ब), हौशी लोकांचं. हौशी म्हणजे काठी, दोरा आणि गळ घेऊन सुट्टीच्या दिवशी किनाऱ्यावर बसणारे. मजकूर एवढाच: हौशी परवानाधारकास दरडोई, दर रविवारी, एक मासा. पुढे नेहमीचं: मर्यादेचा एकदा जरी भंग झाला तरी परवाना कायमचा रद्द.

कच्चा खर्डा बाईंकडे तपासायला गेला आणि परत आला. एकोणीस (ब)च्या शेजारी, समासात, बाईंनी जाड शाईने एकच शब्द लिहिला होता: नग. त्यातून एक बाण निघून 'एक' आणि 'मासा' यांच्या मधोमध टोचला होता.

मी तो शब्द बराच वेळ बघितला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोला. तोंडावर म्हणणं वेगळं आणि दोन देशांच्या करारात शाईने लिहून देणं वेगळं. मला वाटलं, त्या ओळीत माझी काहीतरी चूक झाली असणार. मी ओळ तीनदा वाचली. चूक दिसली नाही. मग अपमान गिळला, समासातला शब्द दुर्लक्षित केला आणि स्वच्छ प्रत टंकून दिली. दोन्ही देशांच्या मंत्र्यांनी सह्या केल्या. फोटोत मी नाही, पण डाव्या कोपऱ्यात माझं कोपर आहे.

दोन महिने बरे गेले.

आता माझ्या आईविषयी. आई सरकारी दवाखान्यात सिस्टर होती. चौतीस वर्षं वॉर्डात काढली. निवृत्त झाली त्या आठवड्यात तिने हौशी गळाचा परवाना काढला, आणि तेव्हापासून दर रविवारी सकाळी सहाला ती सरोवराच्या काठावर एका चपट्या खडकावर जाऊन बसते. पिठाच्या गोळ्या, पाण्याची बाटली, गुडघ्याला पट्टा. मासा लागला तर लागला. बहुधा लागत नाही. लागला तर ती त्याचा जबडा उघडून घसा तपासते आणि पाण्यात सोडून देते. घरी मासा आणल्याचं मला एकदाही आठवत नाही. मी एकदा विचारलं होतं, मग जातेस कशाला. ती म्हणाली, "चौतीस वर्षं 'सिस्टर, सिस्टर' ऐकलं. मासा हाक मारत नाही."

रविवारी आई काठावर असते तेव्हा बाबा घरी एकटे रेडिओ ऐकतात. त्यांचाही तो आठवड्यातला सर्वोत्तम दिवस, पण हे ते बोलून दाखवत नाहीत, कारण संसार त्यांनाही करायचा आहे.

तर त्या रविवारी मी आईला पोचवायला काठावर गेलो होतो. शेजारच्या खडकावर न्हावीकाका बसले होते. त्यांना नुकताच मासा लागला होता, हातभर लांब, आणि ते तो सगळ्यांना अभिमानाने दाखवत होते. त्यांनी तो नेमका एका अनोळखी माणसालाही दाखवला. तो माणूस पलीकडच्या देशाचा वजनमाप निरीक्षक निघाला. कराराप्रमाणे दोन्ही किनारे त्यालाच तपासायचे होते. कडक इस्त्रीचे कपडे, सडपातळ, बगलेत मखमली पेटी. पेटीतून त्याने सोनाराचा तराजू काढला. त्याला सगळे पुढे तोळासाहेब म्हणू लागले ते यामुळेच.

तोळासाहेबांनी मासा तोलला. आधी तराजूत मावेना, मग माशाला आधार देऊन, वजनं वाढवून, घाम पुसून तोलला. मग म्हणाले, "बाराशे शहाऐंशी मासे."

न्हावीकाकांनी मागे वळून बघितलं, की बाकीचे कुठे आहेत.

तोळासाहेबांनी शांतपणे समजावलं. कराराच्या परिशिष्ट चारमध्ये मापांचं कोष्टक आहे. ते कोणत्या तरी जुन्या करारातून जसंच्या तसं उचललेलं: आठ गुंजा म्हणजे एक मासा, बारा मासे म्हणजे एक तोळा, आणि तसंच वर चढत चढत मण आणि टन. कलम दोन सांगतं की करारातल्या प्रत्येक शब्दाचा अर्थ सगळीकडे एकच. तेव्हा एकोणीस (ब)मधला मासा म्हणजे परिशिष्टातला मासा. वजनी मासा. ग्रॅमला थोडासा कमी.

न्हावीकाका म्हणाले, अहो, मासा म्हणजे मासा.

"करारातली अठरा कलमं टनांत आहेत," तोळासाहेब म्हणाले. "एकोणिसावं एकदम जनावरांत कसं असेल?"

न्हावीकाकांच्या एका माशात बाराशे शहाऐंशी मासे निघाले, पैकी एकच कायदेशीर. परवाना तिथल्या तिथे रद्द झाला. तोळासाहेबांनी कायदेशीर मासा तेवढा कापून देण्याची तयारी दाखवली, पण काकांनी नको म्हटलं. बाकीच्यांनी काठ्या गुंडाळल्या. आईनेही गुंडाळली; सोडून दिला तरी मासा आधी धरलेला असतोच. माझ्याकडे बघून ती एवढंच म्हणाली की हा मजकूर कुठल्या शहाण्याने टंकला ते जरा बघ. मी बरं म्हणालो.

पुढचे दोन दिवस घरात वाईट गेले. आईने कपाटं लावायला काढली. डबे उंचीप्रमाणे लावले, मग झाकणांच्या रंगाप्रमाणे, मग पुन्हा उंचीप्रमाणे. मध्ये मध्ये येऊन बाबांचा रक्तदाब मोजू लागली. बाबांचा रक्तदाब आई मोजायला आली की चढतो, चढला की ती अर्ध्या तासाने पुन्हा मोजते. दुसऱ्या मोजणीनंतर बाबांनी मला गॅलरीत नेलं आणि हळूच विचारलं की तुमच्या मंडळात याच्यावर काही करता येत नाही का. त्यांच्या दंडाला अजून पट्टी गुंडाळलेली होती, तिची नळी लोंबत होती. "एक रविवार ठीक आहे," ते म्हणाले. "कायमचं मला झेपणार नाही."

सोमवारी मी कचेरीत जाऊन कच्चा खर्डा काढला. समासातला शब्द पुन्हा बघितला. नग. बाण. 'एक' आणि 'मासा' यांच्या मधोमध. एक नग मासा.

मी पिवळ्या पट्टीपर्यंत गेलो, पट्टीवर थांबलो आणि बाईंना सगळं सांगितलं. बाईंनी खर्डा हातात घेतला, मग माझ्याकडे बघितलं.

"तुम्हाला वाटलं मी तुम्हाला म्हणतेय?"

"हो."

"ते मी तोंडावर म्हणते की. लिहून कशाला देऊ?"

मग त्यांनी कपाळाला हात लावला. बोलल्या मात्र नाहीत, आणि हे जास्त लागलं. पहिल्यांदाच त्यांना माझ्यासाठी शब्द अपुरा पडला होता.

मंगळवारी तातडीची सभा बसली. मी माझी चूक उभं राहून सांगितली. साहेबांनी विचारलं, करारातल्या एका शब्दामुळे एवढा गोंधळ का. मी म्हणालो, न आलेल्या शब्दामुळे. शब्द मधे घुसवायचा तर दुरुस्ती दोन्ही देशांच्या संसदांपुढे न्यावी लागणार होती, म्हणजे आणखी सहा वर्षं. तेव्हा बाईंनीच सोपा मार्ग काढला: मंडळाने एका ओळीचा ठराव करावा, की मासा म्हणजे मासा. त्याचं पुढे काय झालं ते मी आधी सांगितलेलं नाही, म्हणून आता सांगतो.

टाळ्या थांबल्यावर साहेबांनी परिशिष्ट चार ओढून घेतलं आणि बोटाने एकेक ओळ वर चढत गेले.

"बाई," ते म्हणाले, "मासा म्हणजे मासा झाला, तर कलम दोनप्रमाणे परिशिष्टातही झाला, आणि बारा मासे म्हणजे तोळा. मग असं चढत चढत टन म्हणजे दहा लाखांवर मासे. डोकी. बोटाएवढे धरा नाहीतर हातभर धरा, टन तेवढाच."

बाईंनी पेन्सिल उचलली. ती आमचीच होती, पण त्या क्षणी कोणी निषेध केला नाही. त्यांनी हिशेब केला. दोन्हीकडच्या व्यापारी होड्या अर्थातच हातभर मासे धरतील. एका टनाच्या परवान्यावर हजार टन जातील, आणि तेही कायद्याने. बाई खालच्या आवाजात म्हणाल्या की सरोवर शुक्रवारपर्यंत रिकामं होईल. साहेब म्हणाले, गुरुवारपर्यंत. शुक्रवारी पलीकडे सुट्टी असते.

सहा वर्षं ज्या माशांसाठी दोन देश भांडले ते मासे पंधरा मिनिटांत दोन देशांनी एकमताने संपवले होते. म्हणून ठराव काढून टाकला, चहापान लिहिलं, आणि खरं वाटावं म्हणून चहा मागवून प्यालोही. मासा हा पुन्हा गुंजांचाच झाला. सरोवर वाचलं. आईचा रविवार बुडाला.

संध्याकाळी घरी मी आईला सगळं सांगितलं. स्वयंपाकघरात ती डबे तिसऱ्यांदा खाली उतरवत होती. तो शहाणा मीच हेही सांगितलं. मला वाटलं आता ती बोलेल. तिने हातातला डबा ओट्यावर ठेवला आणि खुर्चीत बसली. म्हणाली, तू तिसरीत असताना 'आईने मला मारले' असं लिहायचं होतं तिथे 'आईने माला मारले' लिहिलं होतंस, आणि मला गुरुजींना सांगावं लागलं होतं की माला नावाची मुलगी आमच्या घरी येत नाही. बाबा दारात येऊन उभे राहिले आणि परत गेले.

"वजन कुठे करायचं, ते लिहिलंय का त्यात?" आईने विचारलं.

लिहिलेलं होतं. मीच टंकलं होतं. एकोणीस (क): मासा ज्या जागी धरला त्याच जागी त्याचे वजन करावे. कोणी मासा सीमेपलीकडे नेऊन आपल्या सोयीच्या काट्यावर तोलू नये म्हणून घातलेलं कलम.

"मासा कुठे धरतात?"

"पाण्यात."

"मग तो बाहेर कशाला काढायचा?"

मग ती वॉर्डाचं सांगू लागली. दवाखान्यात एक पाण्याची टाकी होती, सांधे धरलेल्या रोग्यांना व्यायामासाठी. पलंगावर ज्याला कूस बदलायला चार माणसं लागत, तो नव्वद किलोचा माणूस टाकीत उतरला की ती त्याला दोन बोटांवर तोलून धरायची. माणसाचं हे, मग मासा तर पाण्यातलाच. तो पाण्यात बुडतही नाही, तरंगतही नाही, मधेच राहतो, म्हणजे पाण्यात त्याचं वजन ते किती असणार. मी म्हणालो, पण शून्य नसलं तर. एका माशापेक्षा जास्त भरला तर परवाना गेला, कायमचा. आई म्हणाली की न्हावीकाकांचा कोणी ऐकून न घेता गेला, आपला ऐकवून जाऊ दे. आणि उरलेले डबे तसेच खाली ठेवून झोपायला गेली. बाबांनी ते रात्रीच्या रात्री वर चढवले.

रविवारी काठावर माणसं होती, काठी एकच होती. आईची. बातमी मी साहेबांना सांगितली होती, साहेबांनी बाईंना, म्हणून तेही दोघं आले होते. साहेब पाण्यापासून वीस पावलं लांब उभे होते. न्हावीकाका खुर्ची घेऊन आले होते, दुकानातली, मागे मान टेकायला उशी असलेली. तोळासाहेब पेटी मांडीवर घेऊन सावलीत बसले होते. आईने त्यांना बघून सांगितलं की उपाशी बसू नका, चेहरा पिवळा पडलाय, काहीतरी खाऊन घ्या. ते म्हणाले, कर्तव्यावर असताना मी खात नाही. आई म्हणाली, तरीच.

दहाच्या सुमारास दोरा ताणला गेला. एरवी आई शांतपणे ओढते, पण त्या दिवशी तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. मासा काठाशी आला. तो हातभरापेक्षा मोठा होता, दोन किलोचा तरी. असा मासा तिला तीन वर्षांत लागला नव्हता, आणि तो आजच लागायचा होता. तिने त्याला पाण्यातल्या पाण्यातच जाळीच्या पिशवीत घेतलं, वर काढलं नाही, आणि तोळासाहेबांना हाक मारली.

तोळासाहेबांनी कलम एकोणीस (क) दोनदा वाचलं. मग बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, कलम माझंच आहे, आणि तुमच्याइतकं शब्दाला धरून चालणारं माणूस मी बघितलं नाही, तेव्हा आता धरा. तोळासाहेब प्रामाणिक होते. त्यांनी बूट काढले, मोजे बुटात घातले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, आणि पाण्यात उतरून एका स्टुलावर तराजू मांडला. एक पारडं काढून तिथे दोरा बांधला. आधी रिकामी जाळी पाण्यात सोडून काटा बरोबर केला. मग जाळीत मासा.

मासा आधी वर आला. काटा उलट्या बाजूला गेला.

"उणे दोन गुंजा," तोळासाहेब म्हणाले, आणि त्यांचा स्वतःवरच विश्वास बसेना. साहेबांनी लांबून ओरडून विचारलं, उणे म्हणजे कायद्याने काय. न्हावीकाका खुर्चीतून म्हणाले, उणे म्हणजे सिस्टरना अजून धरायला वाव आहे, आज घरून निघाल्यावर त्यांचा कोटा वाढलाय. पण नियम असा होता की काटा स्थिर झाल्यावरच आकडा लिहायचा, आणि तेवढ्यात माशाने तोंड उघडून एक बुडबुडा सोडला.

माशाच्या पोटात हवेची पिशवी असते, तिच्यावर तो पाण्यात तोलून राहतो. हवा गेली की जड होतो. हे साहेबांनी आम्हाला लांबून सांगितलं, आणि ते सांगत होते तोवर काटा चार गुंजांवर आला, मग सहा, मग आठ. आठ म्हणजे बरोबर एक मासा. मग माशाने दुसरा बुडबुडा सोडला आणि काटा अकरावर गेला.

तोळासाहेबांनी पेन उघडलं. काटा हलत होता, पण हळूहळू थांबायला लागला होता. आईचा हात पाण्याजवळ गेला, तेव्हा ते म्हणाले, हात लावायचा नाही.

आईने हात मागे घेतला. ती माशाकडे वाकली आणि वॉर्डातल्या आवाजात म्हणाली, "श्वास आत घ्या. आत. सोडू नका."

तो आवाज मला लहानपणापासून माहीत आहे. त्याला नाही म्हणता येत नाही. मी श्वास आत घेतला. तोळासाहेबांनी घेतला, बाईंनी घेतला, वीस पावलांवर साहेबांनी घेतला, न्हावीकाकांनी खुर्चीत ताठ बसून घेतला. माशाने ऐकलं की त्याचं त्याला सुचलं ते मी सांगू शकत नाही. तो जाळीत वर सरकला, पाण्याबाहेर ओठ काढले, चटकन हवेचा एक घोट घेतला आणि पुन्हा खाली येऊन मधोमध थांबला. काटा अकरावरून परत निघाला. नऊ. आठ. आठावर तो इतका वेळ रेंगाळला की मी डोळे मिटले.

"सात गुंजा," तोळासाहेब म्हणाले. "स्थिर." आणि लिहिलं. मर्यादेपेक्षा एक गुंज कमी. परवाना कायम.

आईने गळ सोडवला, सवयीप्रमाणे घसा तपासला आणि मासा सोडून दिला. बाहेर काढला असता तर त्याच क्षणी तो दोन हजार मासे झाला असता. आता सगळ्यांनाच असंच करावं लागणार होतं: पाण्यात धरा, पाण्यात तोला, पाण्यात सोडा. साहेबांनी त्याच आठवड्यात अहवाल पाठवला की हौशी लोकांनी धरलेला प्रत्येक मासा जिवंत परत सोडला जावा हे धोरण दोन्ही देशांनी दीर्घ विचारविनिमयाने ठरवलं. वरून दोघांना कौतुकाची पत्रं आली. बाईंनी त्यांचं मला वाचायला दिलं, आणि वाचून झाल्यावर म्हणाल्या की जपून धरा, तुमच्या टेबलावरून घसरेल.

पण अडचण संपलेली नाही. पुढच्या दोन रविवारी एकेका बुडबुड्याने दोन परवाने गेले, एक पोस्टमनचा आणि एक आमच्या दातांच्या डॉक्टरांचा. दोघांनीही माशाला श्वास आत घ्या म्हणून सांगून बघितलं, पण आवाजात तो अधिकार नव्हता. आईलाही आता दर रविवारी नवा मासा आणि नवी परीक्षा. ती म्हणते, प्रत्येक रोगी ऐकतोच असं नाही. शनिवारी संध्याकाळपासून ती पुन्हा डब्यांकडे बघू लागते, आणि बाबा दंड झाकून बसतात. काल जेवताना तिने मला सांगितलं, तू तिथे बसतोसच ना, मग एवढं एक लिहून टाक. मी खर्डा केला. साहेबांनी आणि बाईंनी प्रत्येक शब्द मोठ्याने वाचून घेतला आणि सही केली. ही सूचना न भिजणाऱ्या पाटीवर लिहून उद्या सरोवरात दोन्ही बाजूंना सहा फूट खोल सोडण्यात येईल:

'संयुक्त सरोवरातील उभय देशांच्या सर्व लहानथोर माशांस कळविण्यात येते की, कलम एकोणीस (ब) अन्वये आपले वजन चालू असताना कोणीही पोटातील हवा सोडू नये. अपरिहार्य कारणास्तव सोडावी लागल्यास तेवढीच हवा निरीक्षकांच्या समक्ष, काटा स्थिर होण्यापूर्वी, परत घ्यावी. ज्या माशांना हे शक्य नाही त्यांनी गळाला लागण्याच्या किमान तीन दिवस आधी मंडळाच्या कार्यालयास लेखी कळवून सहकार्य करावे, ही नम्र विनंती.'